करार झाला, मुले हॉटेलात जाऊन आली. पण माझे शिकवणे कसे सुधारणार?

थंडहवा (प्रश्न)

नमस्कार. मी उत्तर गोव्यातील एका सरकारी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग या दोन वर्षांच्या ट्रेडला इन्स्ट्रक्टर आहे. या कामाला आता नऊ वर्षे झाली. आमच्या संस्थेचा किनारपट्टीवरील एका हॉटेलाशी आणि औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याशी सामंजस्य करार झालेला आहे. सह्या झाल्या त्या दिवशी बॅनर लागला, पुष्पगुच्छ दिले-घेतले गेले, वर्तमानपत्रात फोटो आला आणि तेव्हापासून दर डिसेंबरला आमची मुले पंधरा दिवस हॉटेलात जाऊन येतात. परत येताना हजेरीपत्रकावर शिक्के असतात. कागदावर भागीदारी उत्तम चालली आहे.

गेल्या डिसेंबरात मी मुलांना पोचवायला म्हणून गेलो आणि तासभर तिथेच थांबलो. स्वयंपाकघरामागच्या बोळात एका आउटडोअर युनिटपाशी तिथला टेक्निशियन उकिडवा बसला होता. वय पन्नाशीकडे झुकलेले, शाळा फारशी झालेली नसावी. त्याने तांब्याच्या नळीची फ्लेअर, म्हणजे जोडणीसाठी पसरवलेले तोंड, बोटाने चाचपली, तिला तेलाचा एक थेंब लावला, नट आधी हाताने फिरवून मग टॉर्क रेंचने आवळला आणि नळीतील हवा आणि ओल ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप चालू करून तो दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहत बसला. पंप बंद केल्यावरही तो जागचा हलला नाही. मुलांनी विचारले की आता कशाची वाट पाहताय, तेव्हा तो कोकणीतून एवढेच म्हणाला, ‘आंकडो परत चडटा काय पळयतां.’ आकडा चढला असता तर कुठेतरी गळती आहे किंवा नळीत ओल राहिली आहे, असा त्याचा अर्थ.

मी मात्र घरी परतताना अस्वस्थ होतो. फळ्यावर मी व्हॅक्यूमच शिकवतो, पुस्तकातही तेच आहे; परंतु आमचा पंप बंद पडल्यापासून प्रात्यक्षिकात मी आर-२२ या शीतक वायूवर चालणाऱ्या जुन्या युनिटवर थोडा गॅस सोडून नळीतील हवा बाहेर ढकलायची पद्धत दाखवत आलो होतो. आज हॉटेलांत बसणाऱ्या इन्व्हर्टर एसीत आर-३२ हा वायू असतो, त्याचा दाब आर-२२च्या दीडपटीहून अधिक असतो आणि तो सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. शिवाय नवीन यंत्रांत आर-२२ भरणे आपल्या देशात २०२४ अखेर बंदच झाले. म्हणजे माझ्या मुलांच्या कानांनी एक ऐकले आणि हातांनी दुसरेच घेतले, आणि ते कराराच्या पाच वर्षांत कोणाच्याच लक्षात आले नाही, माझ्यासकट.

म्हणून विचारतो. मुलांना उद्योगात पाठवण्याची व्यवस्था कशी करायची हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु ज्या भागीदारीमुळे शिकवणाऱ्याचेच शिकवणे सुधारते, ती प्रत्यक्षात कोणी कशी उभी केली आहे? अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावे.


निवृत्त ग्रुप इन्स्ट्रक्टर, फोंडा

आपण स्वतःची चूक इतक्या उघडपणे मांडलीत हे आवडले. आमच्या पिढीत हे कोणी लिहिले नसते.

मी फिटर ट्रेडचा. आयटीआय ज्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात ती १९५०ची, आणि उद्योगाला शिक्षणात आणण्याचे जेवढे प्रयत्न मी पाहिले, त्या सर्वांत मोजदाद मुलाची होत असे, मास्तराची नाही. २००७मध्ये केंद्राने देशातील १३९६ सरकारी आयटीआय सार्वजनिक-खासगी भागीदारीतून सुधारण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज, उद्योगातील व्यक्ती संस्था व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आणि प्रिन्सिपल सचिव, अशी ती रचना होती. कल्पना चांगली होती. पण मी ज्या बैठकांना हजर होतो त्यांच्या इतिवृत्तांत यंत्रांची नावे, दरपत्रके, रंगरंगोटी आणि छपराची गळती एवढेच सापडेल. अमुक धडा मुलांना का कळत नाही, यावर पाच मिनिटे चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. पुढे २०१६मध्ये जर्मन धर्तीवर दुहेरी प्रशिक्षण पद्धती आली. तिच्या सुधारित नियमांनुसार एक वर्षाच्या ट्रेडमधला मुलगा तीन ते सहा महिने आणि दोन वर्षांच्या ट्रेडमधला सहा ते बारा महिने उद्योगात काढू शकतो. हे तुमच्या पंधरा दिवसांपेक्षा कितीतरी बरे, परंतु त्या सहा महिन्यांत इन्स्ट्रक्टरने किती दिवस शॉपफ्लोअरवर काढावेत, याचा रकाना तिथेही माझ्या पाहण्यात आला नाही.

याच्या मुळाशी आपली भरतीची वाट आहे. मुलगा आयटीआय पास होतो, मुंबईत चुनाभट्टीला किंवा दुसऱ्या एखाद्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत एक वर्षाचा इन्स्ट्रक्टरचा कोर्स करतो आणि पुन्हा आयटीआयतच शिकवायला येतो. मीही त्याच वाटेने आलो. गुण्या उजेडासमोर धरून कानशीने घासलेल्या जॉबचा काटकोन तपासायला मी शेकडो मुलांना शिकवले, परंतु त्या कामाची मजुरी म्हणून मी आयुष्यात एक रुपया कमावलेला नाही. ज्याला तुम्ही बोळात पाहिलेत, त्याच्या उलट.

माझा सल्ला असा की पुढच्या वेळी करारात मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी दहा दिवस मागा. कार्यालयाकडून रीतसर ड्युटी ऑर्डर घ्या, नाहीतर ते दिवस तुमच्या रजेतून कापले जातील आणि दुसरा कोणी पुन्हा जाणार नाही. तिथे ‘सर’ म्हणून जाऊ नका, हेल्पर म्हणून जा.

आणखी एक, थोडे विषयाबाहेरचे वाटेल. एकाच भागीदारावर भार टाकू नका. डिचोली-सत्तरीकडच्या आमच्या डिझेल मेकॅनिक ट्रेडच्या मुलांना खाणींच्या ट्रकांची आणि यंत्रांची वर्कशॉप्स हाच मोठा आधार होता. २०१२मध्ये खाणी थांबल्या आणि त्यांच्यासोबत ती वर्कशॉप्सही ओस पडली. पुढे खाणकाम सुरू झाले, ते २०१८मध्ये पुन्हा बंद पडले. करार कपाटात होता, भागीदारच उरला नव्हता.


कुंडईचा मेंटेनन्स

मी औषधनिर्मितीच्या एका कारखान्यात देखभाल विभाग सांभाळतो, म्हणजे या व्यवहाराच्या दुसऱ्या बाजूला बसतो. वरील सरांबद्दल आदर ठेवून सांगतो की नुसते दहा दिवस मागून काही होणार नाही. आमच्याकडे असे एक इन्स्ट्रक्टर आले होते. आम्ही त्यांना चहा दिला, कॉन्फरन्स रूममध्ये कंपनीचे प्रेझेंटेशन दाखवले, हेल्मेट घालून एक फेरी मारून आणली आणि चौथ्या दिवशी त्यांना कुठे बसवावे हेच आम्हाला कळेना. चूक त्यांची नव्हती. त्यांना काय शिकून न्यायचे आहे हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

कंपनी आयटीआयकडे कशी पाहते हे स्पष्ट लिहितो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यामुळे मनुष्यबळ विभागाच्या दृष्टीने आयटीआय म्हणजे तो आकडा भरण्याची जागा. तुमचे शिकवणे सुधारणे हा कोणाच्याच कामाचा भाग नाही. म्हणून सुरुवात मनुष्यबळ विभागाकडून न करता देखभाल विभागाकडून करा, कारण उद्या त्या मुलाच्या हातात पाना आम्हाला द्यायचा असतो आणि त्याला काही येत नसेल तर रात्री अडीच वाजता फोन आम्हाला येतो.

आता वेळेबद्दल. डिसेंबरात हॉटेल भरलेले असते. पाहुणा खोलीत असताना शिकाऊ मुलाला एसी कोण उघडू देईल? तुमची मुले पंधरा दिवस फिल्टर धुऊन परत आली असतील, हे मी न पाहताच सांगतो. हॉटेलांची मोठी सर्व्हिसिंगची कामे पावसात निघतात, खोल्या रिकाम्या असतात तेव्हा. आणि नेमके त्याच वेळी तुमच्याकडे परीक्षा आणि नव्या तुकडीचे प्रवेश चालू असतात. कारखान्यांचे म्हणाल तर चतुर्थीच्या सुट्टीला लागून आम्ही शटडाऊन घेतो, म्हणजे यंत्रे बंद ठेवून देखभाल करतो, तेव्हा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे मोठे यंत्र, खरोखर उघडलेला दिसतो. एरवी तो बंद कपाटासारखा उभा असतो. दोन्हीकडची वेळापत्रके शेजारी ठेवून पाहण्याचे काम कराराच्या वेळी कोणी केलेले नसते, आणि माझ्या मते निम्मे करार तिथेच वाया जातात.

माझी एक वेगळी सूचना आहे. आमच्याकडे ब्रेकडाऊन रजिस्टर असते. यंत्र कधी बंद पडले, ऑपरेटरने काय तक्रार केली, टेक्निशियनने आधी काय तपासले, शेवटी दोष कुठे निघाला, किती वेळ गेला, हे सर्व त्यात लिहिलेले असते. कंपनीची आणि माणसांची नावे काढून त्यातील दहा-बारा नोंदी आम्ही तुम्हाला देऊ शकतो. गेल्या वर्षीची एक नोंद अशी होती: ‘हाय प्रेशरवर ट्रिप’, म्हणजे दाब वाढल्याने यंत्र आपोआप बंद. नव्या मुलाने गॅस जास्त भरला आहे असे गृहीत धरून तो काढायला सुरुवात केली. जुन्या माणसाने त्याला थांबवले, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पट्ट्यांवर, टॉर्च मारली आणि आतून पांढरा थर दाखवला. खारे वारे आणि धूळ मिळून फिन्स बुजल्या होत्या. पाण्याने धुतल्यावर यंत्र चालू झाले. गॅस काढला असता तर दोन दिवस गेले असते. हाच प्रसंग तुम्ही वर्गात मांडा, शेवट सांगू नका आणि मुलांना विचारा की पहिला हात कुठे घालाल. पाठ्यपुस्तकात उच्च दाबाची सहा कारणे एकाखाली एक छापलेली असतात; आधी कोणते तपासायचे हे त्या यादीतून कधीच कळत नाही, आणि आम्हाला पगार नेमका त्याचाच मिळतो.

एक अडचण मात्र प्रामाणिकपणे सांगतो. आमचा उत्तम टेक्निशियन करून दाखवू शकतो, पण बोलून सांगू शकत नाही. मुलाने ‘का’ विचारले की तो म्हणतो, ‘असेच करतात.’ त्याला वर्गात उभे करून पाहुणा व्याख्याता म्हणू नका; तो घामाघूम होईल आणि पुन्हा येणार नाही.


स्विंडनहून फोंडेकर

मी मूळचा फोंड्याचा. गेली काही वर्षे इंग्लंडमधील एका कॉलेजात विद्युत काम शिकवतो. शाळेनंतर व्यवसाय शिकणाऱ्यांसाठी इथे जी कॉलेजे आहेत, त्यांची स्थिती अनेक बाबतींत आपल्या आयटीआयसारखीच आहे: इमारत मोठी, प्रतिष्ठा लहान. स्विंडनमध्ये आपली गोव्याची माणसे इतकी आहेत की दुकानात कोकणी ऐकू आली तर कोणी मागे वळून पाहत नाही, परंतु कॉलेजात कोकणी बोलणारा शिक्षक मी एकटाच.

‘असेच करतात’ या उत्तरावर इथेही पुष्कळ विचार झालेला आहे. २०१३मध्ये प्रौढांच्या व्यावसायिक अध्यापनावर नेमलेल्या एका आयोगाने अहवाल दिला. त्यातील मध्यवर्ती कल्पना अशी की कॉलेज आणि उद्योग यांच्यातील रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता हवा: शिक्षकाने कामाच्या जागी जावे, कारागिराने वर्गात यावे आणि अभ्यासक्रम दोघांनी मिळून घडवावा. शिक्षक हा एकाच वेळी दोन व्यवसायांचा माणूस असतो, आपल्या धंद्याचा आणि अध्यापनाचा, आणि दोन्हींत त्याला ताजे राहावे लागते, हे तिथे ठामपणे मांडलेले आहे. त्यानंतर उद्योगातील माणसांनी कामावर राहूनच थोडे तास शिकवावे यासाठी वेगळा उपक्रमही निघाला. २०२०पासून इथे टी-लेव्हल नावाचे अभ्यासक्रम सुरू झाले. त्यांत विद्यार्थ्याने किमान ३१५ तास, म्हणजे साधारण ४५ दिवस, प्रत्यक्ष कामाच्या जागी काढणे सक्तीचे आहे. तेव्हा मुलांचे तास मोजण्याच्या बाबतीत हा देशही मागे नाही, आणि मालक मिळत नाहीत ही रड इथेही आहे. हे सर्व सांगितले ते ‘तिकडे बघा कसे छान’ या भावनेने नव्हे.

मला स्वतःला उपयोगी पडलेली गोष्ट फार लहान होती. आमच्याकडे दोन कॉलेजांतील शिक्षकांची जोडी लावली जाते. दोघांनी मिळून एकच अडचण निवडायची, तीवर एक नवी पद्धत ठरवायची, दोघांनी आपापल्या वर्गात ती वापरायची आणि एकमेकांच्या तासाला जाऊन बसायचे. पाहणारा गुण देत नाही. त्याने फक्त मुलांकडे पाहायचे, शिक्षकाकडे नाही. दुसऱ्या शहरातील माझी जोडीदार माझ्या तासाला बसली आणि नंतर म्हणाली, ‘तुम्ही जोडणी करून दाखवत होता तेव्हा मागची सहा मुले तुमची पाठ पाहत होती.’ पंधरा वर्षांत मला हे कोणी सांगितले नव्हते, कारण तपासणीला येणारा माणूस नेहमी समोर बसतो. चांगली पद्धत एकाने दुसऱ्याला नेऊन देण्यापेक्षा दोघांनी एकत्र घडवली तर ती टिकते, एवढाच याचा आधार आहे, आणि माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. ही जोडी वरिष्ठ आणि कनिष्ठ अशी लावली तर मात्र फुकट जाते. तेव्हा ती नुसती तपासणी होऊन बसते.

म्हणून थंडहवा यांना सुचवतो की गोव्यातल्याच दुसऱ्या आयटीआयमधील याच ट्रेडचा एखादा इन्स्ट्रक्टर शोधा आणि त्या हॉटेलातील टेक्निशियनला तिसरा जोडीदार करा. धडा एकच घ्या, व्हॅक्यूमचा. त्याला व्याख्यान द्यायला लावू नका. तो काम करत असताना तुम्ही दोघांनी शेजारी बसून ‘का’ विचारायचे आणि त्याचे उत्तर मुलांना कळेल अशा भाषेत तुम्ही मांडायचे. त्याचे हात आणि तुमचे तोंड, अशी ही वाटणी आहे. नंतर ते मांडणे त्यालाच वाचून दाखवा. तो हसला तर कुठेतरी चुकले आहे असे समजा.


माजी प्रशिक्षणार्थी

मी याच ट्रेडमधून बाहेर पडलो आणि आता एका हॉटेलात काम करतो. भाषेबद्दल थोडे लिहावेसे वाटले. माझी चौथीपर्यंतची शाळा मराठी, पुढची इंग्रजी, घरी कोकणी. आयटीआयची पुस्तके मराठीतूनही मिळतात, पण त्यांतील काही शब्द वर्कशॉपमध्ये मी कोणाच्याही तोंडून ऐकले नाहीत, आणि इंग्रजी पुस्तक परीक्षेपुरते पाठ होत असे. आमचे सर कोकणीतून समजावत तेवढेच डोक्यात राहिले. तेव्हा त्या टेक्निशियनचे बोलणे लिहून घ्याल, तेव्हा ते कृपया शुद्ध करू नका.


थंडहवा

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके वाचायला मिळेल असे वाटले नव्हते.

फिल्टर धुण्याबद्दल कुंडईच्या साहेबांनी न पाहता जे सांगितले ते मी मुलांना विचारले. पंधरापैकी अकरा दिवस फिल्टरच. उरलेल्या दिवसांत काहींनी आउटडोअर युनिट झाकायला ताडपत्री बांधली.

माझ्या मनात आता असे आहे. दक्षिण गोव्यातील एका आयटीआयमधील माझा बॅचमेट जोडीदार व्हायला तयार आहे; आम्ही एकमेकांना नावाने हाक मारतो, त्यामुळे तपासणीचा प्रश्न येणार नाही. प्रिन्सिपलना मी दहा दिवसांची ड्युटी ऑर्डर मागितली होती, पाच दिवसांची मिळेल असे दिसते. हॉटेलातील त्या टेक्निशियनला भेटून आलो. ‘तुम्ही मला शिकवा’ असे म्हटल्यावर तो आधी थट्टाच समजला. मग त्याने विचारले की यात साहेबाची परवानगी लागेल का, आणि मी हो म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. तेव्हा ते पत्र त्याच्या हातून नव्हे, आमच्या कार्यालयातून थेट जाईल अशी व्यवस्था केली आहे. पंप दुरुस्तीला टाकला आहे. तो येईपर्यंत गॅस सोडून हवा काढण्याचे प्रात्यक्षिक मी थांबवले असून, का थांबवले हे मुलांना सांगितले आहे. सांगताना जड गेले, परंतु मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, ‘मग मागच्या बॅचला कोण सांगणार?’ त्याचे उत्तर माझ्याकडे अद्याप नाही. त्यांचे फोन नंबर रजिस्टरमधून काढायला घेतले आहेत.

कुंडईच्या साहेबांना एक विनंती. ब्रेकडाऊनच्या नोंदी खरोखर मिळू शकतील का? आणि शटडाऊनच्या वेळी आम्ही दोघे इन्स्ट्रक्टर, मुलांना न घेता, येऊ शकतो का?


निवृत्त ग्रुप इन्स्ट्रक्टर, फोंडा

पाच दिवस मिळत असतील तर सलग घेऊ नका. आठवड्याला एक घ्या. मधल्या दिवसांत वर्गात करून पाहता येईल आणि पुढच्या वेळी विचारायला प्रश्न असतील. दहा दिवस मागा म्हणताना माझ्या मनात सलगच होते, ते मागे घेतो.


कुंडईचा मेंटेनन्स

नोंदी देतो, नावे खोडायला मला आठवडा द्या. शटडाऊनला दोघेही या, परंतु पत्र पंधरा दिवस आधी पाठवा, गेटपासला वेळ लागतो. सेफ्टी शूज स्वतःचे आणावेत. उत्पादन विभागात आत सोडता येणार नाही, चिलर प्लांट आणि एएचयूच्या (थंड हवा खेळवणाऱ्या यंत्राच्या) खोलीपर्यंत सोडता येईल, आणि तिथे तुम्हाला हातात पाना मिळेल हे माझ्याकडे लागले. पंप आमच्याकडे आहे. व्हॅक्यूम गेज मात्र जमल्यास तुमचे आणा, कारण आमचे कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, गेले ते अजून परत आलेले नाही.